ओळीखालचा अंगठा

"अगं, बायडाक्काला न्यायला दवाखान्याची गाडी आलीया," आई फोनवर म्हणाली. "गुडघ्याचं आपरेशन हाय म्हणं तिचं."

"कधी ठरलं?" स्वप्नालीनं विचारलं.

"तिलाबी आत्ताच कळलं."

स्वप्नाली हसली. या हसण्याची पुढे तिला फार लाज वाटणार होती, पण त्या मंगळवारी सकाळी तिला हसू आलं खरं. तिच्यासमोरच्या लांब टेबलावर एकवीस फोन ओळीनं मांडलेले होते. कोल्हापुरातल्या 'बोटभर' कंपनीत संकेतस्थळाचं कोणतंही पान बाहेर सोडण्याआधी या एकवीस फोनांवर चालवून बघायची रीत होती. त्यात नवे होते, जुने होते, तडकलेल्या काचेचा एक होता, आणि दोन मिनिटांत तापणारा एक होता. त्याला सगळे म्हातारबुवा म्हणायचे. म्हातारबुवावर जे पान नीट उघडलं ते कुठेही उघडणार, असा सगळ्यांचा विश्वास होता.

"भरला असेल तिनं फॉर्म, आई. आणि विसरली असेल."

"बायडाक्का इसरती व्हय? माझ्या लग्नातल्या साडीचा काठ कसा हुता, ती सांगती अजून."

"बरं, मी संध्याकाळी बघते. मीटिंग आहे आता."

तिनं फोन ठेवला. संध्याकाळी तिनं काहीही बघितलं नाही. कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं, आणि बायडाक्का आईची जन्माची मैत्रीण असली तरी तिचे गुडघे हा काही स्वप्नालीचा विषय नव्हता. निदान तोवर तिला तसं वाटत होतं.

स्वप्नाली चौगुलेचा विषय होता पानं. मोठ्या पडद्यांसाठी केलेली लोकांची पानं तळहाताएवढ्या काचेवर नीट बसवणं, हा तिचा तेरा वर्षांचा धंदा. हा धंदा तिनं निवडला त्यालाही आईच कारण होती. आई गॅसचा सिलिंडर नोंदवायला बसायची, आणि पानावरची बटणं तिळाएवढी. 'पुढे' दाबायला जावं तर 'मागे' दाबलं जायचं. तीनदा-चारदा असं झालं की आई फोन पालथा घालून ठेवायची आणि म्हणायची, "मलाच जमत न्हाय बघ." स्वप्नालीला त्याचा संताप यायचा. चूक त्या पानाची, आणि अपराधी वाटतंय आईला!

म्हणून तिनं 'सावली' बनवली.

फोनच्या काचेखाली केसाहून बारीक तारांची जाळी असते. त्या जाळीत थोडा विद्युतभार सतत खेळत असतो. माणसाचं बोट जवळ आलं की त्यातला काही भार बोटाकडे ओढला जातो, आणि जाळीच्या कोणत्या घरात भार कमी झाला यावरून फोनला बोटाचा पत्ता लागतो. जुन्या फोनना हे बोट टेकल्यावरच कळायचं. गेल्या काही वर्षांतल्या काचा मात्र इतक्या तल्लख झाल्या होत्या की बोट तीन सेंटिमीटर वर असतानाच त्यांना त्याची चाहूल लागायची. ते कोणत्या बाजूनं येतंय, किती वेगानं, थरथरतंय का, घुटमळतंय का, सगळं दिसायचं. अंगठा काचेवर टेकण्याआधी पाव सेकंद पानाला माहीत असायचं की तो कुठे टेकणार.

पाव सेकंद म्हणजे माणसाच्या हिशेबी काहीच नाही. यंत्राला तेवढ्यात अख्खं पान नव्यानं मांडता येतं. सावली नेमकं तेच करायची. बोटानं बटण शोधत जायचं नाही, बटणानं बोटाखाली यायचं. थरथरत्या हातासाठी बटण मोठं व्हायचं, डावखुऱ्यासाठी डावीकडे सरकायचं. आईनं पहिल्यांदा सावलीच्या पानावर एका दमात सिलिंडर नोंदवला तेव्हा ती स्वप्नालीकडे बघून इतकी हसली होती की बस्स.

पण बोटाखाली बटण आणायचं तर कोणतं आणायचं, हेही कळायला हवं. 'होय' की 'नको'? इथे सावलीला माणसाच्या मनात डोकवावं लागायचं, आणि त्यासाठी लागायचे नमुने. हो म्हणायला निघालेलं बोट आणि नाही म्हणायला निघालेलं बोट हवेत वेगळं चालतं. नकाराचं बोट बहुधा झटक्यात वळतं, होकाराचं जरा रेंगाळतं. लाखो बोटांच्या लाखो हालचाली दाखवल्या की यंत्राला हा फरक उमगतो. शहरातल्या, भराभर वाचणाऱ्या लोकांचे नमुने पोत्यांनी होते. हळू वाचणाऱ्यांचे मात्र नव्हते, कारण त्यांच्यासाठी आजवर कोणी काही बनवलंच नव्हतं.

"माझी आई आहे की," स्वप्नाली तेव्हा मीटिंगमध्ये म्हणाली होती. "आणि तिच्या वर्गातल्या बायका."

आईचं माहेर-सासर दोन्ही हुपरीच. चांदीच्या कामाचं गाव. घराघरांत बायका मांडी घालून पैंजणाच्या कड्या जोडत बसलेल्या असतात. आईनं, म्हणजे शालननं, चाळीस वर्षं तेच केलं. शाळेचं तोंड तिनं बघितलं नव्हतं. वडील गेल्यावर थोरल्या भावानं तिच्यापुढे एक कागद ठेवला आणि म्हणाला, "कचेरीचा कागद हाय, अंगठा दे फकस्त." आईनं दिला. वडिलांच्या रानावरचा तिचा हक्क त्या कागदानं गेला, हे तिला सहा महिन्यांनी शेजारणीकडून कळलं. भावाशी ती भांडली नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मात्र ती कुंभोजेबाईंच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसली, आणि बायडाक्कालाही ओढून घेऊन गेली.

कुंभोजेबाईंची शिकवण्याची एक पद्धत होती. अंगठा ओळीखाली ठेवायचा. एक शब्द वाचला की अंगठा पुढे. वाक्य संपलं की अंगठा तिथेच थांबवायचा, अर्थ मनात उतरेपर्यंत हलवायचा नाही. मग उचलायचा आणि खालच्या ओळीवर टेकवायचा. वर्गातल्या नऊही बायका अशाच वाचायला शिकल्या आणि पुढे फोनवरही अशाच वाचू लागल्या. आधीच कड्या जोडून जोडून त्यांचे अंगठे असे स्थिर की काचेखालच्या जाळीला त्यांची रेघ अगदी स्वच्छ मिळायची.

अकरा दिवस स्वप्नाली आईच्या सोप्यात त्या नऊ जणींबरोबर बसली. प्रत्येकीला दोनशे पानं. प्रत्येक पानावर एखादी वस्तू, चार ओळींची माहिती आणि खाली प्रश्न, 'हवं का?' बायका आधी लाजल्या, मग रंगात आल्या. चहा झाला, शेंगांचे लाडू झाले. एखादी फार वेळ थांबली की स्वप्नाली हळूच म्हणायची, "दाबा आता, मावशी." आणि ती 'होय' दाबायची.

सगळ्यांनी सगळ्यालाच होय दाबलं. दाढीच्या साबणाला होय. ट्रॅक्टरच्या टायरला होय. आगगाडीपलीकडे कशात न बसलेल्या बायडाक्कानं सिंगापूरच्या सहलीला होय म्हटलं. स्वप्नालीला गंमत वाटत होती. एकदा ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा आईचा आवाज तिच्या कानावर आला होता. आई बायकांना सांगत होती, "होयच दाबा गं. लेकीचं काम हाय. तिच्या कामाला नको कुठं म्हणायचं?"

हे तिनं ऐकलं होतं, हे इथे सांगून ठेवलं पाहिजे. ऐकून तिला भरून आलं होतं. त्यापलीकडे काही सुचलं नाही. ती पाणी पिऊन बाहेर आली आणि पुढचं पान उघडलं.

अठराशे नमुने जमले. 'हळू वाचणारे' या गटाचं सावलीचं अख्खं ज्ञान त्या नऊ अंगठ्यांवर उभं राहिलं. त्यात नकार एकही नव्हता.

पुढे सावली जाहिरातदारांच्या हाती गेली. तसं होणारच होतं. जे बटण आईच्या अंगठ्याखाली सिलिंडर आणून देतं, ते दुसरं काहीही आणून देऊ शकतं. त्यात सरकारनं स्पर्शसंमतीचा कायदा केला. फोनच्या कॅमेऱ्यानं चेहरा ओळखलेला असला, तर 'होय'वर टेकलेलं बोट ही सहीच समजायची. लोकांचे हेलपाटे वाचले, सगळ्यांनी कौतुक केलं. स्वप्नालीला बढती मिळाली आणि तिनं राजारामपुरीत दोन खोल्यांचं घर घेतलं.

बायडाक्का दवाखान्यातून घरी आल्यावर तीन आठवड्यांनी स्वप्नाली तिला बघायला हुपरीला गेली.

बायडाक्का सोप्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. स्वप्नालीनं तिला जन्मात खुर्चीवर बघितलं नव्हतं. समोर जमिनीवर तिचा पाट तसाच होता, पाटाशेजारी चिमटा आणि कड्यांची वाटी.

"ये गं सपना. चांगलं केलंय म्हणं आपरेशन. दोन्ही गुडघं नवं," बायडाक्का म्हणाली. "टाकं बी सुकलं."

"दुखतंय का?"

"दुखत न्हाय. पर खाली बसायचं न्हाय म्हणं आता. मांडी घालायची न्हाय. कायमचं." ती पाटाकडे बघत होती. "खुर्चीत बसून कडी जुळत न्हाय गं. मांडीत वाटी लागती, हाताला टेका लागतो. चार दिस बघितलं करून. सगळं सांडतंय."

"आधी फार दुखत होते का गुडघे?"

"दुखायचं की. सगळ्यांचं दुखत्यात. तेल लावायची, झोपायची." मग बायडाक्कानं आवाज खाली आणला. "सपना, तू शिकलेली हायस म्हणून इचारते. मी व्हय म्हटलं हुतं का गं? ती माणसं फोनवर माझा फोटू दाखवत हुती, खाली होय लिवलेलं. मला तर काय आठवत न्हाय. पर म्हटलं, लिवलंय म्हंजी म्हटलं आसंल. शबूद दिल्यावर मागं कसं फिरायचं? गेले."

स्वप्नालीनं तिचा फोन मागितला. जाहिरात सापडायला वेळ लागला नाही. गुडघ्यांचं चित्र, आठ ओळींचा मजकूर. कोपऱ्यात सावलीची खूण, तिनं स्वतः काढलेली, पानावर पडलेली छोटी करडी छाया. 

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिनं त्या स्पर्शाची नोंद उघडली. सावली प्रत्येक बोटाची वाट जपून ठेवायची. पडद्यावर एक निळी रेघ हळूहळू उमटू लागली. बायडाक्काचा अंगठा पहिल्या ओळीखाली आला. शब्दाशब्दानं पुढे गेला. वाक्य संपलं तिथे थांबला, चार सेकंद, अगदी निश्चल. मग उचलला गेला आणि दुसऱ्या ओळीवर टेकायला खाली येऊ लागला.

आणि त्या पाव सेकंदात सावलीनं दुसरी ओळ बाजूला सारून तिथे 'होय' आणून ठेवलं.

बायडाक्का वाचत होती. आठांतली एक ओळ तिची वाचून झाली होती. ती ओळ होती, 'आपले गुडघे दुखतात का?'

स्वप्नालीनं ती नोंद पुन्हा पुन्हा बघितली. दगा कुठेच नव्हता, बिघाडही नव्हता. सावली शिकवल्याबरहुकूम वागली होती. असा अंगठा असा थांबला की होय म्हणायचं असतं, हे तिला अठराशे वेळा दाखवलं होतं, आणि दाखवणारी स्वप्नाली शेजारी बसून लाडू खात होती.

मग तिनं या गटातले सगळे होकार बाहेर काढले, कोणी पूर्ण मजकूर वाचायच्या आत दिलेले. अकरा हजार चारशे निघाले. गुडघे, डोळे, वृद्धनिवासातल्या जागा, घरं पाडून नवी बांधायच्या संमती. साताऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतची माणसं. बरेच होकार अजून अंमलात यायचे होते. ती यादी खाली खाली नेत असताना एका नावाशी तिचं बोट थांबलं. 'शालन बापूसो चौगुले, हुपरी. मोतीबिंदू, दोन्ही डोळे. गाडी : एकोणीस तारीख, सकाळी नऊ.'

आईला मोतीबिंदू नव्हता. गेल्या महिन्यात स्वप्नालीनंच तिला तपासून आणलं होतं.

तिनं ते नाव खोडलं. तिच्याकडे तेवढा अधिकार होता, दोन मिनिटांचं काम. खोडून झाल्यावर ती खुर्चीत मागे टेकली, आणि मग तिला कळलं की आपण काय केलं. आपल्या आईचं नाव तेवढं काढलं. बाकीची यादी जशीच्या तशी समोर होती.

कंपनीचे मालक केदार हावळ हे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदा कपाळाला हातही लावला.

"स्वप्नाली, पुढच्या आवृत्तीत आपण हे दुरुस्त करू. तूच कर," ते म्हणाले. "पण झालेले होकार चुकीचे होते असं म्हटलं, तर अकरा हजार लोक दारात येतील. कंपनी उभी राहील का? ऐंशी घरं चालतात इथे."

"पण सर, ते होकार नव्हतेच."

"ते तू म्हणतेस. त्या बायडाक्काच्या लेकीनं ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. सोमवारी सुनावणी. आयोग एकच विचारणार, तुमचे मूळ नमुने खरे होते का?" त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "त्या नऊ जणींच्या वतीनं तुझ्या आईची सही हवी. चाचणीच्या हजेरीपत्रकावर गटप्रमुख म्हणून त्यांचंच नाव आहे. एवढी सही झाली की नमुने खरे ठरतात, आणि मग सगळं खरं ठरतं. तुझ्याच हातचं काम आहे. नाव तुझंही जाईल, हे ध्यानात घे."

स्वप्नालीनं कागद उचलला. तिथेच फाडून टाकायला हवा होता, असं कुणीही म्हणेल. तिनं तो पर्समध्ये ठेवला. माणसानं तेरा वर्षं ज्या कामात घातली ते काम खोटं होतं असं चारचौघांत सांगणं फार जड जातं. तिनं मनाची समजूत घातली की आई सही करणार नाही तर नाही, बघू. पण आई सही करेल हे तिला पुरतं ठाऊक होतं. लेकीच्या कामाला आईनं कधी नको म्हटलं होतं?

रविवारी सकाळी ती हुपरीला पोचली तेव्हा आई पाटावर बसून कड्या जोडत होती. स्वप्नाली तिच्या शेजारी जमिनीवर बसली. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तिनं कागद काढला.

"आई, एक सही हवी होती."

"कसली?"

"ऑफिसचा कागद आहे. सही कर फक्त."

आईचा चिमटा थांबला. तिनं लेकीकडे बघितलं. हातातली कडी वाटीत ठेवली, पदराला हात पुसले, खिडकीतला चष्मा घेतला. आपण काय बोललो ते स्वप्नालीला तेव्हा कळलं. 

"आई, राहू दे—"

"थांब. वाचते."

आईनं कागद मांडीवर ठेवला आणि पहिल्या ओळीखाली अंगठा टेकवला.

"मी... हुपरीच्या... नऊ महिलांच्या... गटाची प्रमुख... लिहून देते की..." आई थांबली. अंगठाही थांबला. कागद जागचा हलला नाही. ओळी होत्या तिथेच राहिल्या. मग अंगठा उचलला गेला आणि दुसऱ्या ओळीवर आला. "चाचणीच्या... अकरा दिवसांत... आम्ही दाबलेला... प्रत्येक होय... हा मजकूर... पूर्ण वाचून... समजून..."

स्वप्नाली त्या अंगठ्याकडे बघत होती. जगात या अंगठ्याच्या चालीचा तिच्याएवढा जाणकार दुसरा कोणी नव्हता.

"कोणाच्याही... भिडेखातर... न देता... स्वतःच्या इच्छेने... दिला होता." वाक्य संपलं. अंगठा शेवटच्या शब्दाखाली थांबून राहिला. "ह्ये कशाला लागतंय?"

आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. स्वप्नालीनं सगळं सांगितलं. सावली, त्या अकरा दिवसांचे नमुने, बायडाक्काची निळी रेघ, दुसऱ्या ओळीच्या जागी आलेलं बटण. सांगताना ती दोनदा रडली. आईनं तिला रडू दिलं.

"म्हंजी बायडाक्का वाचत हुती," आई म्हणाली.

"हो."

"आन् तुझ्या मशीनीनं तिची सही घेतली."

"हो."

"अंगठा द्यायला लागू नये म्हणून शिकलो गं आम्ही." आईचा आवाज चढला नव्हता, पण कापत होता. "म्हातारपणी पाटी घिऊन बसलो. लोक हसायचं. अंगठा ओळीखाली ठेवला, तर तुमी त्योच घेतला व्हय?"

स्वप्नालीनं डोळे पुसले.

"माझंबी नाव हुतं का त्यात?"

"होतं. डोळ्यांच्या ऑपरेशनला. मी काढलं."

"आन् बाकीच्यांचं?"

स्वप्नालीनं मान खाली घातली. बाहेर कुठेतरी चांदीवर हातोडी पडत होती, तिचा बारीक आवाज येत राहिला.

"चूक माझीबी हाय," आई म्हणाली. "मीच म्हटलं हुतं बायकांस्नी, होयच दाबा म्हणून. तुझं वाईट हुईल वाटलं. तुला तवाच नको म्हणायला पायजे हुतं."

आईचा अंगठा अजून शेवटच्या शब्दाखाली होता. स्वप्नाली टक लावून बघत होती. आता सही येणार की नकार, हे ती त्या अंगठ्यावरून ओळखू पाहत होती, सवयीनं. तिला ओळखता आलं नाही. अकरा दिवस होय म्हणताना तो जसा थांबायचा तसाच तो आत्ताही थांबला होता, स्थिर, शांत, एका जागी. त्याच्यात होय नव्हतं आणि नाहीही नव्हतं. तो फक्त वाचत होता. जे होतं ते आईच्या मनात होतं आणि तिथवर काचेखालची कोणतीही जाळी पोचत नव्हती. तेरा वर्षांच्या कामातलं हे सगळ्यात साधं सत्य स्वप्नालीला तिच्या आईच्या मांडीवरच्या कागदावर दिसलं.

"पेन दे," आई म्हणाली.

स्वप्नालीनं पेन दिलं. सहीच्या जागेच्या वर थोडी मोकळी जागा होती. आईनं तिथे मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं, 'हे खरे नाही. आम्ही लेकीच्या भिडेखातर होय दाबले.' काना-मात्रा दोनदा तपासल्या. आणि मग खाली पूर्ण सही केली, शालन बापूसो चौगुले.

"घे. उद्या ने तिथं." आईनं कागद लेकीच्या हातात दिला. "नोकरी जाईल तुझी?"

"जाईल."

"जाऊ दे. इथं ये. कड्या जोडायला शिकवीन." आई हसायचा प्रयत्न करत होती, तो काही नीट जमला नाही. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "जाताना बायडाक्काकडं थांब. तिचीबी सही घे खाली."

"वाचून दाखवते तिला."

"दाखवू नगंस," आई म्हणाली. "हातात दे. ती वाचंल."

बायडाक्का तशीच खुर्चीवर बसलेली होती. स्वप्नालीनं तिच्या हातात कागद ठेवला आणि बाजूला उभी राहिली. बायडाक्कानं चष्मा नाकावर नीट बसवला, पहिल्या ओळीखाली अंगठा ठेवला आणि ओठ हलवत एकेक शब्द वाचू लागली. पहिलं वाक्य संपायला बराच वेळ लागला. अंगठा थांबला. मोटारस्टँडवरून बारा वाजताची कोल्हापूरची गाडी निघून गेल्याचा हॉर्न ऐकू आला. पुढची गाडी दीड तासानं होती.

स्वप्नाली जमिनीवर, त्या रिकाम्या पाटाशेजारी बसली. बायडाक्काचा अंगठा अजून तिथेच होता. या वेळी स्वप्नालीनं काहीही सुचवलं नाही.